कॅटफिश आणि गोड्या पाण्यातले इतर उष्णकटिबंधीय मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लावली आहेत. आधी ओळख, मग टाकी आणि पाणी, शेवटी आजार आणि अडचणी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. मापं लिटर, सेंटिमीटर आणि अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

१. माशाला मिशा आहेत. म्हणजे तो कॅटफिशच ना?

तसं नाही. मिशा लोचला असतात, कार्प आणि बार्बच्या अनेक जातींनाही असतात. मिशांआधी कातडी बघा. कॅटफिशला खवले नसतात. काहींचं अंग उघडं आणि गुळगुळीत असतं (पिक्टस, सिनोडोंटिस, पंगासियस), तर काहींच्या अंगावर हाडाच्या चकत्यांचं चिलखत असतं. कोरीडोरासच्या (तळाशी घोळक्याने राहणारा छोटा कॅटफिश) कुशीवर या चकत्यांच्या दोनच ओळी असतात, कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. सकरच्या (प्रश्न ३) कुशीवर त्याहून जास्त ओळी असतात आणि अंग हाताला कानशीसारखं खरखरीत लागतं.

दुसरी खूण काट्याची. बहुतेक कॅटफिशमध्ये पाठीवरच्या आणि छातीच्या परांचा पहिला किरण जाड काटा झालेला असतो. तिसरी खूण मेदपराची, म्हणजे पाठीवरच्या पराच्या मागे, शेपटीजवळ असणारा छोटा मांसल पर. ही खूण एकटी पुरत नाही, कारण नियॉनसारख्या टेट्रांनाही मेदपर असतो आणि काही कॅटफिशना नसतो. क्लाउन लोच किंवा कुली लोचला मेदपर नसतो, मात्र डोळ्याखाली मिटणारा एक बारीक काटा असतो. लोच जाळ्यात अडकतो तो याच काट्यामुळे.

२. फोटोवरून जात ओळखता येते का?

फोटो नीट असेल तर बहुतेक वेळा कुटुंबापर्यंत पोचता येतं, जातीपर्यंत कधीकधी. काचेला कॅमेरा काटकोनात धरून बाजूने एक फोटो घ्या, पाठीवरचा पर उघडा असताना. दुसरा डोक्याचा आणि तोंडाचा जवळून. मासा काचेला चिकटला असेल तर तिसरा पोटाकडून. फ्लॅश नको, चिलखती माशांवर तो चकाकतो आणि नक्षी पुसली जाते. सोबत लांबी लिहा, नाकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजलेली. पराची टोकं तुटलेली असू शकतात म्हणून ती धरायची नाहीत.

मग मिशांच्या जोड्या मोजा. चार जोड्या असून त्यातली एक नाकपुडीपाशी असेल तर मिस्टस, मागुर किंवा शिंगी. मिस्टसला मेदपर असतो, इतर दोघांना नसतो. मागुरच्या पाठीवरचा पर शेपटीपर्यंत लांबलेला असतो, शिंगीचा मात्र आखूड, डोक्यामागे एवढासा. तीन जोड्या आणि नाकपुडीपाशी काही नाही, तर पिक्टसचं कुटुंब किंवा सिनोडोंटिस. सिनोडोंटिसच्या खालच्या मिशांना पिसासारखे फाटे फुटलेले असतात, तेवढ्यावरून तो वेगळा काढता येतो. तोंड चकतीसारखं, खाली वळलेलं आणि मिशांची एकच आखूड जोडी असेल तर तो सकरच्या कुटुंबातला.

३. 'सकर' म्हणून मासा मिळाला. हा नेमका कोणता?

'सकर' हे नाव कुठल्या एका जातीचं नाही. या नावाखाली मुख्यतः तीन वेगळे मासे विकले जातात.

पहिला साधा प्लेको, म्हणजे बहुधा टेरिगोप्लिक्थिस. पाठीवरचा पर शिडासारखा उंच आणि रुंद. त्यातले मऊ किरण मोजा: १० किंवा जास्त भरले तर हाच. ७ भरले तर हायपोस्टोमस किंवा दुसरी एखादी जात असू शकते. हा मासा ४० ते ५० सेंमी होतो.

दुसरा ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. डोकं रुंद आणि चपटं, अंग आखूड, लांबी १२ ते १५ सेंमी. मोठ्या नराच्या नाकाडावर फांद्या फुटलेल्या मांसल मिशांचं झुडूप असतं. मादीला ते नसतं किंवा कडेला चार-दोन आखूड मिशा असतात. पिल्लू ३ सेंमीचं असताना झुडूप शोधू नका, तेव्हा ते दिसतच नाही.

तिसरा गायरिनोकायलस, जो 'चायनीज अल्गी ईटर' नावाने येतो. हा कॅटफिश नाही. अंगावर खवले, कुशीवर काळा पट्टा, मेदपर नाही. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी भांडखोर होतो आणि चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. एंजेल आणि डिस्कसच्या टाकीत हा नको.

४. छोट्या टाकीत ठेवला तर सकर छोटाच राहील ना?

नाही. टाकीच्या मापाने वाढणारा मासा आम्हाला माहीत नाही. घाण पाणी आणि अपुरं खाणं यांमुळे वाढ खुंटते, पाठ वाकते, आयुष्य घटतं, आणि बाहेरून ते 'छोटा राहिला' असं दिसतं. साध्या प्लेकोला मोठेपणी ४०० लिटरच्या वर टाकी लागते. पंगासियस ('शार्क' म्हणून विकला जातो) मीटरभराहून मोठा होतो आणि रेडटेल कॅटफिशही. या दोघांसाठी घरातली टाकी हा पर्यायच नाही. पिल्लू तळहातावर मावतं म्हणून फसू नका.

नको झालेला मासा नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडायचा नाही. टेरिगोप्लिक्थिस अनेक देशांत असाच पसरला. तो काठाच्या मातीत बिळं करतो, काठ ढासळतात आणि स्थानिक माशांची जागा जाते.

५. कॅटफिश टाकी साफ ठेवतात हे खरं आहे का?

या एका गैरसमजाने जेवढे कॅटफिश मेले असतील तेवढे कुठल्या रोगाने मेले नसतील. कोणताही मासा विष्ठा खाऊन जगत नाही. कोरीडोरास तळाशी पडलेले दाणे खातो, म्हणजे खाणं वाया जात नाही, इतकंच. सकर शेवाळ खरवडतो, पण त्याची स्वतःची विष्ठा इतकी असते की तळाचा कचरा कमी न होता वाढतो. साफसफाई म्हणजे आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलणं आणि सायफनने तळ ओढणं. हे काम माणसाचं.

शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर लहान टाकीत ओटोसिंक्लस (प्रश्न १६), मध्यम टाकीत अँसिस्ट्रस.

६. माझी टाकी किती लिटरची आहे आणि तीत काय मावेल?

लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये गुणा आणि हजाराने भागा. ६०×३०×३६ ची टाकी ६४.८ लिटरची. काचेची जाडी, रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ५० ते ५५ लिटर. औषधाची मात्रा या दुसऱ्या आकड्यावर काढायची.

तळाच्या माशांसाठी लिटरपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. उंच, अरुंद टाकी कोरीडोराससाठी लहानच. पिग्मी कोरीडोरासच्या घोळक्याला ४० लिटर चालतं. पेपर्ड किंवा ब्राँझ कोरीडोराससाठी तळ किमान ६०×३०, आणि ८० लांबी असेल तर फरक लगेच दिसतो. अँसिस्ट्रसची जोडी १०० लिटरमध्ये. पिक्टस सतत फेऱ्या मारतो, त्याला १२० सेंमी लांबी हवी. आणि टाकी कशावर ठेवणार तेही बघा: ९०×४५×४५ च्या टाकीत नुसतं पाणीच १८० किलोच्या आसपास असतं.

७. नवीन टाकीत मासे किती दिवसांनी सोडायचे?

दिवस मोजू नका, पाणी तपासा. टाकी मुरते म्हणजे फिल्टरच्या स्पंजवर दोन प्रकारचे जिवाणू वाढतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन रूपं माशाला विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. मासे न घालता हे असं करता येतं:

फिल्टर आणि हीटर चालू करून तापमान २७ वर ठेवा. अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका घाला. अमोनियम क्लोराइड वापरत असाल तर १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम. दर दोन दिवसांनी तपासणी करा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि तिथेच बरेच दिवस अडकून राहील. इथेच लोकांचा धीर सुटतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्या. एकदा दिलेली पूर्ण मात्रा २४ तासांत शून्य अमोनिया आणि शून्य नायट्राइटवर आली की टाकी तयार. अर्ध्याहून जास्त पाणी बदला म्हणजे साठलेलं नायट्रेट उतरेल, आणि मग मासे सोडा. सगळं मिळून सहसा ४ ते ६ आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर बरंच लवकर होतं.

मुरलेला स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि मेहनत वाया जाते. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

८. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की पुरे का?

क्लोरीन असेल तर रात्रभरात बराचसा उडतो, एअर पंपने पाणी हलवत ठेवलं तर लवकर. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो असा उडत नाही. तुमच्या पाण्यात नेमकं काय आहे ते माहीत नसेल तर डीक्लोरिनेटर वापराच. सोडियम थायोसल्फेटचे खडे क्लोरीनला पुरतात: पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १०० लिटरला ०.७ ग्रॅम. क्लोरामाइनवर हेच वापरलं तर क्लोरीन जातो पण अमोनिया मोकळा होतो. तिथे अमोनिया बांधून ठेवणारं मिश्रण लागतं.

९. पीएच नेमका किती हवा?

बहुतेक जातींना ६.५ ते ७.५ चालतो, आणि तो स्थिर असणं आकड्यापेक्षा महत्त्वाचं. पीएच कमी-जास्त करणारी रसायनं ओतत बसू नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर झपाट्याने वाढतो. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा सुमारे ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला सुमारे ५.४ टक्के. तपासणीचा आकडा तोच, पण धोका नऊपट. मॉलीसारख्या जड (क्षार जास्त, पीएच चढा) पाण्याच्या माशांची टाकी म्हणूनच जास्त जपावी लागते.

१०. सगळे उष्णकटिबंधीय मासे एकाच तापमानाला राहतात का?

२४ ते २६ वर बरेच जण राहतात, सगळे नाही. पेपर्ड कोरीडोरास आणि नियॉन २० ते २४ चे. स्टर्बाय कोरीडोरास आणि कार्डिनल २८ पर्यंत आनंदात. डिस्कसला २८ ते ३० लागतं, म्हणून डिस्कसच्या टाकीत कोरीडोरास घालायचेच असतील तर स्टर्बाय. गोल्डफिश या यादीत येत नाही, तो थंड पाण्याचा मासा.

हीटरला लिटरमागे साधारण १ वॅट हे जुनं मोजमाप अजून चालतं. प्लेको असतील तर हीटरला जाळीचं आवरण घाला. प्लेको उबेला हीटरच्या नळीला चिकटून बसतो, हीटर चालू झाला तरी हलत नाही आणि पोटाला भाजून घेतो. पाणी काढण्याआधी हीटर बंद करा, उघड्यावर तापलेली काच पाणी लागताच तडकते. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबेल असा वळसा द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

११. तळाला रेती घालू की खडे?

कोरीडोराससाठी बारीक, गोलसर कणांची रेती. तो नाक रेतीत खुपसतो, तोंड भरून रेती घेतो, खाण्याजोगं ठेवतो आणि उरलेली कल्ल्यांतून बाहेर सोडतो. खड्यांत हे करताच येत नाही. धारदार खड्यांवर मिशा झिजून खुंट राहतात असं सगळे सांगतात, पण घाणेरडी रेतीही तेवढीच दोषी असते. सडलेल्या खाण्यातले जिवाणू मिशा कुरतडतात. मिशा झिजलेल्या दिसल्या तर आधी तळ सायफन करा, मग रेती बदलायचा विचार करा. जखम मुळापर्यंत गेली नसेल तर मिशा पुन्हा वाढतात.

थर ३ ते ४ सेंमी पुरे. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. चिमूटभर रेतीवर व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर तीत चुना आहे आणि तो पाणी जड करत राहील.

१२. एकच कोरीडोरास ठेवला तर चालेल?

जगेल, पण कोपऱ्यात दबून. सहा तरी हवेत, आणि एकाच जातीचे. तीन ब्राँझ आणि तीन पांडा मिळून सहा होत नाहीत.

१३. कोरीडोरास सारखे वर झेप घेऊन हवा घेतात. पाणी बिघडलंय का?

अधूनमधून एकेकटा तीरासारखा वर जाऊन लगेच तळाशी येत असेल तर ठीक आहे. हा मासा हवा गिळतो आणि आतड्यातून ऑक्सिजन घेतो. म्हणून झाकण आणि पाणी यांत ३ ते ५ सेंमी जागा सोडा.

काळजीचं लक्षण वेगळं असतं: सगळा घोळका पृष्ठभागाशी लटकलेला, कल्ले भराभर हलतायत. तेव्हा अमोनिया आणि नायट्राइट तपासा, लगेच ३० ते ५० टक्के पाणी बदला, हवा वाढवा. नायट्राइट जास्त असेल तर कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात, कारण रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही.

१४. वरचे मासे सगळं खाऊन टाकतात, कॅटफिशला कसं पोचवायचं?

दिवा बंद करून अर्ध्या तासाने, बुडणाऱ्या गोळ्या किंवा वेफर. कोरीडोरासला प्रथिनांचं खाणं (बुडणाऱ्या गोळ्या, गोठवलेल्या रक्तअळ्या), अँसिस्ट्रसला शेवाळाचे वेफर आणि काकडीची चकती. काकडी तरंगते, तिला स्टीलचा चमचा खोचा. सकाळी उरलेला तुकडा काढा. अँसिस्ट्रस आणि पनाके (सकरच्याच कुटुंबातला) यांच्या टाकीत लाकडाचा ओंडका असावा, ते खरवडत असतात. फक्त काकडीवर ठेवलेला प्लेको मात्र हळूहळू खंगतो. काकडीत पाण्याशिवाय फारसं काही नसतं.

१५. कॅटफिशबरोबर कोणते मासे नकोत?

नियम तोंडाचा: जे तोंडात मावतं ते खाल्लं जातं. पिक्टस दिसतो देखणा, पण रात्री नियॉन गिळतो आणि सकाळी संख्या कमी भरते. मोठा झालेला एंजेलही नियॉन खातो. उलट बाजूही आहे. मोठा सिक्लिड कोरीडोरास गिळायला जातो, कोरीडोरासचे काटे ताठ उभे राहून अडकतात आणि दोघेही मरतात. म्हणून ऑस्करसोबत कोरीडोरास अजिबात नको. छोटे टेट्रा, रास्बोरा, गप्पी, शांत गोरामी यांच्याशी बहुतेक लहान कॅटफिशचं जमतं.

१६. ओटोसिंक्लस आणले की आठवड्यात मरतात. काय चुकतं?

बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात आणि वाटेत दिवसेंदिवस उपाशी असतात. घेताना खालून पोट बघा. भरलेलं, गोल हवं. खपाटीला गेलेलं पोट म्हणजे तो मासा बहुधा वाचणार नाही. टाकी किमान तीन महिने जुनी, काचेवर तपकिरी-हिरवा थर असलेली. लखलखीत नव्या टाकीत त्याला खायलाच काही नसतं.

१७. नियॉन की कार्डिनल, ज्युली की ट्रायलिनिएटस, कसं ओळखायचं?

नियॉनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत, कार्डिनलचा कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सलग.

कोरीडोरास ज्युलीच्या डोक्यावर सुटे, बारीक ठिपके असतात. ठिपके जुळून चक्रव्यूहासारख्या रेषा झाल्या असतील तर तो ट्रायलिनिएटस. 'ज्युली' म्हणून मिळणारे बहुतेक मासे ट्रायलिनिएटसच असतात. सांभाळायला दोन्ही सारखेच, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

१८. काचेसारखा पारदर्शक मासा घेतला, पण त्याच्या पाठीवर गुलाबी-हिरवा रंग आहे. ही कोणती जात?

हा ग्लास कॅटफिश नाही, रंग टोचलेला ग्लासफिश (परांबासिस रंगा) आहे. त्याला मिशा नसतात आणि पाठीवर दोन पर असतात. रंग सुईने टोचलेला असतो, काही महिन्यांत उतरतो, आणि टोचताना झालेल्या जखमा रोगाला वाट देतात. असे मासे घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरा ग्लास कॅटफिश मधल्या थरात, डोकं जरा वर करून एका जागी तरंगतो. त्याला लांब मिशा असतात आणि पाठीवरचा पर जवळपास नसल्यासारखा. वर्षानुवर्षं तो क्रिप्टोप्टेरस बायसिरिस या चुकीच्या नावाने ओळखला गेला, २०१३ मध्ये त्याचं स्वतंत्र वर्णन होऊन क्रिप्टोप्टेरस विट्रिओलस हे नाव मिळालं. सहापेक्षा कमी ठेवले तर लपतो आणि खाणं सोडतो.

१९. माझा कॅटफिश उलटा पोहतोय!

तो सिनोडोंटिस नायग्रिव्हेंट्रिस असेल तर त्याची रीतच ती. त्याचं पोट पाठीपेक्षा गडद असतं, कारण उलटा असताना वरून पोटच दिसतं. इतर मासा उलटा होत असेल तर तो बहुधा आजारी आहे. पाणी तपासा.

२०. अंगावर पांढरे ठिपके आलेत. कॅटफिशला औषध चालतं का?

आधी ठिपके खरेच रोगाचे आहेत का ते बघा. मिठाच्या कणांसारखे, सगळ्या अंगावर आणि परांवर विखुरलेले, रोज वाढणारे असतील तर तो इक. नर प्लेकोच्या गालांवर आणि छातीच्या परांवर येणारे बारीक काटे हा रोग नाही.

इकचा परजीवी कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे फुटून शेकडो पिल्लं बाहेर येतात आणि नवा मासा शोधत पोहतात. औषध मारतं ते या पोहणाऱ्या अवस्थेला. ठिपके गेले म्हणून दुसऱ्याच दिवशी उपचार थांबवले तर दहा दिवसांत सगळं परत येतं, ते यामुळे.

तापमान दर दोन तासांना एक अंश असं चढवत ३० वर न्या आणि ठिपके पूर्ण गेल्यावरही आठवडाभर तसंच ठेवा. उष्णतेने परजीवीचं चक्र लवकर पूर्ण होतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून एअर पंप वाढवलाच पाहिजे. रोज तळ सायफन करा, म्हणजे पडलेले परजीवी बाहेर जातात. मॅलाकाइट ग्रीनचं औषध द्यायचं तर कॅटफिश आणि लोचच्या टाकीत अर्ध्या मात्रेने सुरुवात करा, आणि फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. तांब्याची औषधं आणि मिठाचा मोठा डोस कोरीडोरासच्या टाकीत टाळा. पेपर्ड कोरीडोराससारख्या थंड पाण्याच्या जातींना ३० वर नेऊ नका. तिथे अर्धी मात्रा आणि रोजची सफाई यांवरच भिस्त.

२१. मासा जाळ्यात अडकला. आणि काटा टोचला तर?

ओढू नका. काटे मागच्या बाजूने दातेरी असतात आणि उभे राहून खिळतात. जाळं पाण्यातच धरून मासा स्वतः सुटतो का ते मिनिटभर बघा, नाहीतर कात्रीने जाळं कापा. जाळं स्वस्त, पर महाग. पुढच्या वेळी पारदर्शक डबा वापरा: डबा समोर धरायचा, मासा मागून हाताने आत ढकलायचा.

काटा टोचला तर जखम धुवा आणि तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवा. काट्याचं विष उष्णतेने निकामी होतं. पाणी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा, कारण बधिर झालेल्या बोटाला भाजतंय ते कळत नाही. शिंगीचा डंख फार दुखतो. सूज चढत गेली, काटा आत तुटला किंवा श्वास जड झाला तर डॉक्टरांकडे जा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

२२. वीज गेली तर मासे किती वेळ राहतात?

कमी मासे असलेली टाकी काही तास सहज काढते. बॅटरीवरचा एअर पंप असेल तर रात्रही निघते. तोवर खायला घालू नका. खरा धोका वीज परत येते तेव्हाचा. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधलं पाणी तासन्‌तास साचून कुजलेलं असतं, आणि फिल्टर सुरू होताच ते सगळं टाकीत येतं. आधी डबा उघडून ते पाणी ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळा, मग चालू करा.

२३. काचेवर अंडी चिकटलीत. आता काय?

कोरीडोरासची असतील तर लगेच वेगळी करा, कारण आईबापच खातात. बोटाने हळूच गोल फिरवून सुटतात, फुटत नाहीत. त्याच टाकीचं पाणी, बारीक हवा आणि पाणी फिकट निळं होईल इतकं मिथिलीन ब्लू. पांढरी पडलेली अंडी रोज उचला, नाहीतर बुरशी शेजारच्यांवर चढते. २५ अंशांना ३ ते ५ दिवसांत पिल्लं निघतात. पोटातला पिवळा साठा संपेपर्यंत दोनेक दिवस काही घालायचं नाही, मग ताजी निघालेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी).

अँसिस्ट्रसची नारिंगी अंडी गुहेत असतील तर हात लावू नका. नर परांनी पाणी घालत राखण करतो, त्याच्याइतकं चांगलं ते कोणाला जमत नाही.

२४. पिशवीतला मासा हळूहळू पाण्याला सरावू द्यायचा ना?

तासाभराचा प्रवास असेल तर हो: पिशवी १५ मिनिटं तरंगत ठेवा, मग अर्धा तास थोडंथोडं टाकीचं पाणी घाला आणि मासा तेवढा उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत नको.

प्रवास दिवसभराचा झाला असेल तर हाच संथपणा घातक ठरतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनिया विषारी होतो (आकडे प्रश्न ९ मध्ये). अशा वेळी फक्त तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि दोन मिनिटांत मासा स्वच्छ पाण्यात टाका. दोन्ही प्रकारांत तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीतच ठेवा.

२५. कोरीडोरासची नावं बदलली म्हणतात. आणि 'एल-०४६' म्हणजे काय?

२०२४ मध्ये कोरीडोरास ही मोठी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) फोडून अनेक प्रजाती केल्या गेल्या. ब्राँझ आता ऑस्टिओगॅस्टर, पांडा आणि स्टर्बाय होप्लिसोमा, पिग्मी गॅस्ट्रोडर्मस. बोलताना सगळे अजून कोरीडोरासच म्हणतात आणि त्यात बिघडत काही नाही.

'एल' क्रमांक सकरच्या कुटुंबासाठी आहेत. शास्त्रीय नाव नसलेल्या जाती बाजारात येऊ लागल्या तेव्हा, १९८८ मध्ये, एका जर्मन मासिकाने त्यांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. एल-०४६ म्हणजे ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको. एकाच जातीला दोन क्रमांक मिळाल्याची उदाहरणंही आहेत, म्हणून क्रमांक वेगळा म्हणजे मासा वेगळाच असं धरू नका.

२६. प्लेको दिवसभर हललाच नाही. मेला का?

दिवसा तो तसाच असतो. काठीने डिवचू नका. टॉर्च तिरका धरून कल्ल्याच्या कडेला बघा: मंद का होईना, उघडझाप दिसली तर तो जिवंत आहे. तोंड काचेला चिकटलेलं असेल तर ओठांची हालचालही दिसते. मेलेल्याची पकड सुटते, डोळा दुधाळ होतो, रंग फिकटतो. तसं असेल तर लगेच बाहेर काढा आणि अमोनिया तपासा, कारण ३० सेंमीचा मेलेला प्लेको एका रात्रीत अख्खी टाकी नासवू शकतो.